कृष्णविवरांचा आणि क्वांटम संगणकाचा नेमका संबंध काय? गूगलने संगणकात खरोखर ‘वर्महोल’ तयार केले का?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत आणि उत्तर गणिताशिवाय हवे असे म्हटले आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अकरावी-बारावीची मुले मोबाइलवर व्हिडिओ पाहून नेमके हेच विचारतात, म्हणून त्यांना जसे सांगतो तसेच येथे मांडतो.

क्वांटम संगणकात कृष्णविवर बसवलेले नसते आणि तो कृष्णविवराच्या ऊर्जेवर चालतही नाही. दोन्ही विषयांना जोडणारा दुवा हा एक प्रश्न आहे: असंख्य कणांमध्ये पसरून गेलेली माहिती नष्ट होते का, आणि होत नसेल तर ती परत कशी मिळवायची?

हा प्रश्न आधी कृष्णविवरांच्या अभ्यासात उभा राहिला. जेकब बेकेन्स्टाइन यांनी १९७२-७३ च्या सुमारास असे मांडले की कृष्णविवराला एन्ट्रॉपी, म्हणजे आत दडलेल्या माहितीचे माप, असते आणि ती त्याच्या आकारमानावर नव्हे, तर पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. पुढे १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी गणिताने दाखवले की कृष्णविवरातून अत्यंत क्षीण प्रारण बाहेर पडते आणि त्यामुळे कृष्णविवर हळूहळू विरत जाते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान एका केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी भरते, म्हणून हे प्रारण आजवर कोणी मोजलेले नाही. (शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी ‘लायगो-इंडिया’ प्रयोगशाळा हे प्रारण पकडेल, असे काही विद्यार्थ्यांना वाटते. ती कृष्णविवरांच्या टकरीतून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणार आहे. तो विषय वेगळा.)

अडचण पुढेच आहे. हॉकिंग यांच्या गणितानुसार हे प्रारण केवळ उष्णतेसारखे असते. आत काय पडले होते, याची कोणतीही खूण त्यात उरत नाही. म्हणजे कृष्णविवर पूर्ण विरल्यावर माहिती कायमची गेली, असा निष्कर्ष त्यांनी १९७६ मध्ये काढला. क्वांटम यामिकीला मात्र हे मान्य नाही, कारण तिच्या नियमांनुसार आजच्या अवस्थेवरून कालची अवस्था निदान तत्त्वतः तरी काढता आलीच पाहिजे. माहिती नष्ट होत नाही, अशी पैज जॉन प्रेस्किल यांनी १९९७ मध्ये हॉकिंग आणि किप थॉर्न यांच्याशी लावली होती, आणि २००४ मध्ये हॉकिंग यांनी आपल्या बाजूने हार मान्य केली.

माहिती नष्ट न होता हरवल्यासारखी कशी दिसते, हे समजण्यासाठी आपल्याकडच्या जिनिंगचे आवार डोळ्यांसमोर आणावे. दहा गावांचा कापूस एकाच गंजीत पडला की कोणाचा कापूस कोठे गेला हे सांगता येत नाही, पण कापूस कमी झालेला नसतो. ही उपमा मात्र अर्ध्या वाटेपर्यंतच येते. गंजीतला प्रत्येक पुंजका तरीही कोणा एकाच्याच शेतातला असतो. क्वांटम कण एकमेकांत गुंतले, म्हणजे त्यांच्यात एन्टँगलमेंट झाले, की माहिती कोणत्याही एका कणात राहतच नाही. ती कणांच्या परस्परसंबंधात असते, आणि एकेक कण सुटा तपासला तर हाती काहीच लागत नाही. या प्रक्रियेला स्क्रॅम्बलिंग म्हणतात, आणि निसर्गात ती सर्वांत वेगाने कृष्णविवरच करत असावे, असा अंदाज यासुहिरो सेकिनो आणि लिओनार्ड ससकिंड यांनी २००८ मध्ये मांडला.

आता संगणकाकडे वळू. क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचा सर्वांत लहान घटक, फार नाजूक असतो. उष्णतेच्या किंवा विद्युतक्षेत्राच्या किंचित गडबडीनेही त्यातील माहिती बिघडते. नेहमीच्या संगणकाप्रमाणे तिची नक्कल जपून ठेवावी म्हटले तर तेही जमत नाही, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालेले आहे. यावर पीटर शोर यांनी १९९५ मध्ये असा उपाय काढला की एका क्युबिटची माहिती ९ क्युबिटांच्या परस्परसंबंधात पसरवून ठेवायची; मग त्यांतील कोणताही एक बिघडला तरी मूळ माहिती परत उभी करता येते. यालाच दोषदुरुस्ती म्हणतात. म्हणजे कृष्णविवराच्या संदर्भात जे पसरणे संकट वाटत होते, तेच येथे संरक्षण ठरते.

पॅट्रिक हेडन आणि प्रेस्किल यांनी २००७ मध्ये हे दोन धागे जोडले. अर्ध्याहून अधिक विरलेल्या कृष्णविवरात कोणी एखादी डायरी टाकली, आणि त्याआधी बाहेर पडलेले सर्व प्रारण आपल्याजवळ साठवलेले असले, तर डायरीतील मजकूर मिळण्यासाठी तिच्यातील माहितीपेक्षा थोडेच अधिक नवे प्रारण पुरेसे होईल, असे त्यांनी दाखवले. हे गणित दोषदुरुस्तीच्याच शास्त्रातले आहे. डॅनियल हार्लो आणि हेडन यांनी २०१३ मध्ये त्याला एक गंमतीदार जोड दिली: प्रारणातील माहिती उलगडण्याचे काम बहुधा इतके अवघड आहे की क्वांटम संगणक हाताशी असला तरी ते संपण्याआधी कृष्णविवरच विरून जाईल. मला स्वतःला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आकडेमोड किती अवघड आहे हा संगणकशास्त्राचा प्रश्न येथे भौतिकशास्त्राचा होतो.

आता वर्महोलविषयी, म्हणजे अवकाशातील दोन दूरची ठिकाणे जोडणाऱ्या कल्पित बोगद्याविषयी. गूगलच्या ‘सिकॅमोर’ चिपवरील ९ क्युबिट वापरून केलेला तो प्रयोग नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अवकाशाला भोक पडलेले नव्हते. वर्महोलच्या वर्णनाशी गणिताने जुळेल अशी क्युबिटांची एक लहान व्यवस्था चालवून माहिती एका गटातून दुसऱ्या गटात कशी जाते हे पाहिले होते, आणि ती व्यवस्था इतकी सोपी केली होती की तिला वर्महोल म्हणावे का, यावर इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. शिवाय ९ क्युबिटांची अवस्था लिहायला ५१२ संख्या पुरतात. तेवढे काम साधा लॅपटॉपही करतो. त्यामानाने २०१९ मध्ये मेरीलँड विद्यापीठात पकडून ठेवलेल्या आयनांच्या ७ क्युबिटांवर झालेला प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याचा दावा मर्यादित होता: माहिती खरोखर स्क्रॅम्बल झाली की केवळ बाहेरच्या गडबडीने बिघडली, हे हेडन-प्रेस्किल यांच्या कल्पनेवरून ओळखून दाखवणे.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. अशी व्यवस्था नेहमीच्या संगणकाच्या आवाक्याबाहेर जाईल इतक्या, आणि दोषदुरुस्ती केलेल्या, क्युबिटांवर चालली, तरच तिच्यातून कृष्णविवरांविषयी कागदावर न सुटणारे काही कळू शकेल.