डी अँड डी ३.५ (डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाची ३.५ आवृत्ती) मध्ये हाफ-ड्रॅगन टेम्प्लेटसाठी (मूळ वंशावर चढवायचा अर्ध्या ड्रॅगनचा गुणसंच) मूळ वंश कोणता घ्यावा?

हाणामारी करणारं पात्र असेल तर सरळ ऑर्क घ्या. टेम्प्लेटमधून स्ट्रेंग्थ +८ आणि कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, करिश्मा प्रत्येकी +२ मिळतात. ऑर्कची स्ट्रेंग्थ आधीच +४, म्हणजे एकूण +१२! शिवाय त्याचे इंटेलिजन्स आणि करिश्मातले -२ आपोआप भरून निघतात. उरतं फक्त विज्डमचं -२. उजेडाचा त्रास मात्र राहतो, त्यामुळे दिवसाउजेडी चालणाऱ्या मोहिमेत हा विचार आधी करा.

खरी किंमत आहे लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +३ ची, म्हणजे पात्राच्या लेव्हलमध्ये तीन जादा धरल्या जातात. पहिल्या लेव्हलचा फायटर चौथ्या लेव्हलच्या सोबत्यांत उभा राहतो, तोही एकाच हिट डायवर (जीवनशक्ती ठरवणारा फासा). म्हणून टिकाव हवा असेल तर ड्वॉर्फ मला जास्त आवडतो: टेम्प्लेट धरून कॉन्स्टिट्यूशन +४, करिश्माचा फरक शून्य. जादूगारासाठी मात्र हे टेम्प्लेट नकोच, जादूगार म्हणून तीन लेव्हल मागे पडणं फार महागात जातं.

पंखांसाठी घेत असाल तर थांबा, ते लार्ज (खेळातला एक आकारगट) किंवा त्याहून मोठ्या प्राण्यालाच मिळतात. ओगर चालेल, पण त्याचे चार हिट डाय, त्याची स्वतःची लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +२ आणि टेम्प्लेटची +३ धरून गणित थेट नवव्या लेव्हलवर जातं.