अकूस्टिक गिटार पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटरला थेट जोडता येते का?

आपल्याकडे पिकअप (तारांचे कंपन विद्युत सिग्नलमध्ये बदलणारा भाग) असलेली अकूस्टिक गिटार आहे, म्हणजे आपल्याकडच्या दुकानांत जिला सेमी-अकूस्टिक म्हणतात ती, आणि आपण नुकतीच पाच इंची पॉवर्ड मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओत ऐकण्यासाठीच्या स्पीकरची, जोडी घेतली आहे. गिटारची केबल थेट एका मॉनिटरला लावल्यावर आवाज पातळ आणि बारीक येतो, तोही एकाच बाजूने. तेव्हा वेगळा अँप घ्यावा की केबल बदलावी, असा आपला प्रश्न आहे. अँप घेऊ नये, कारण पॉवर्ड मॉनिटरच्या पेटीतच अँप बसवलेला असतो. गिटार आणि मॉनिटर यांच्यामध्ये एक ऑडिओ इंटरफेस (गिटारचा सिग्नल घेऊन तो लॅपटॉपला आणि स्पीकरला देणारी छोटी पेटी) घ्यावा आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या प्रकारच्या केबल वापराव्यात. थेट जोडल्यामुळे आपल्या मॉनिटरचे काही बिघडलेले नाही, एवढे आधीच सांगतो.

केबलचा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतो, कारण त्यापायी माझे दोन दिवस गेले होते. नागपूरला महालातील आमच्या जुन्या घरात मी पहिल्यांदा मॉनिटर बसवले, तेव्हा मॉनिटरच्या पुस्तिकेत बॅलन्स्ड केबल (सिग्नलसाठी दोन तारा असलेली, बाहेरची गुणगुण कमी करणारी) वापरा असे लिहिलेले वाचून मी गिटारपासूनच बॅलन्स्ड केबल लावली. आवाज आलाच नाही. मी बॅटरी बदलली, गिटारचा प्रीअँप (पिकअपचा सिग्नल सुधारणारा आतला छोटा अँप) सैल झाला असेल म्हणून स्क्रू काढून पाहिले, आणि शेवटी एका मित्राची साधी गिटारची केबल लावल्याबरोबर आवाज सुरू झाला. दोन्ही पिना हातात शेजारी धरल्या तर फरक लगेच दिसतो: साध्या पिनेवर एकच काळी कडी असते, बॅलन्स्ड पिनेवर दोन असतात. बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक गिटारींमध्ये जॅकचा मधला संपर्क हाच बॅटरीचा स्विच असतो. साध्या पिनेचा लांब दांडा तो संपर्क जमिनीच्या (ग्राउंडच्या) संपर्काशी जोडतो आणि प्रीअँप चालू होतो. दोन कड्यांच्या पिनेत हे दोन भाग वेगळे राहतात, त्यामुळे बॅटरी जोडलीच जात नाही. म्हणून गिटारपासून इंटरफेसपर्यंत एका कडीची साधी केबल आणि इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत बॅलन्स्ड केबल, हा क्रम कायम ठेवावा. याच कारणाने वाजवून झाल्यावर गिटारमधून पिन काढून ठेवावी, नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर चालू राहून उतरते.

आता आवाज पातळ का येतो ते पाहू. बहुतेक अकूस्टिक गिटारींमध्ये तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली पिएझो पिकअप असतो. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला, आणि हा पिकअप त्यावरच चालतो. त्यातून निघणारा सिग्नल इतका नाजूक असतो, की पुढच्या उपकरणाने त्याच्याकडून जवळजवळ काहीच प्रवाह ओढता कामा नये. मॉनिटरचा इनपुट मात्र मिक्सर किंवा इंटरफेसचा जोमदार लाइन सिग्नल गृहीत धरून बनवलेला असतो; उदाहरणार्थ, यामाहाच्या एचएस ५ या मॉनिटरचा इनपुट इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) १० किलोओम आहे. पिकअपची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) साधारण १ नॅनोफॅरड धरली, तर १० किलोओमवर सुमारे १६ हजार हर्ट्‌झच्या खालचा सगळा आवाज उतरत जातो, आणि स्वर जितका खालचा तितका जास्त उतरतो. सहाव्या मोकळ्या तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्‌झचा असतो; तो या हिशेबाने जवळजवळ २०० पट क्षीण होतो, आणि कानावर येते ती फक्त तारांची चरचर. हीच मर्यादा १ मेगाओमच्या इनपुटवर १६० हर्ट्‌झपर्यंत आणि १० मेगाओमवर १६ हर्ट्‌झपर्यंत खाली येते. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असे लिहिलेला इनपुट साधारण १ मेगाओमचा असतो, म्हणून गिटार तिथेच लावायची.

आपल्या गिटारमध्ये बॅटरी आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. बॅटरी नसेल तर पिकअपबद्दलचे वरचे सगळे आपल्याला तंतोतंत लागू पडते. बॅटरी असेल तर आतला प्रीअँप इम्पीडन्सचा बराचसा प्रश्न सोडवतो आणि उणीव मुख्यतः पातळीची राहते. व्यावसायिक उपकरणांची लाइन पातळी साधारण १.२३ व्होल्ट धरतात आणि गिटारचा सिग्नल सहसा त्याच्या बराच खाली असतो. अशा वेळी आवाज बारीक येणे समजण्यासारखे आहे; तो पातळ आणि फाटकाही येत असेल तर आधी नवी बॅटरी घालून पाहावे.

इंटरफेस आल्यावर इन्स्टचे बटण दाबावे, जोरात स्ट्रमिंग करताना लाल दिवा लागणार नाही इतकाच गेन (येणारा सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा, आणि मॉनिटरच्या मागचे व्हॉल्यूमचे बटण मध्यावर ठेवून आवाज इंटरफेसवरून कमी-जास्त करावा. एकाच बाजूने आवाज येण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. गिटारचा सिग्नल मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा असतो. इंटरफेसवरचा डायरेक्ट मॉनिटर (गिटार लॅपटॉपमधून न फिरवता सरळ ऐकवण्याची सोय) मोनोवर ठेवला की तो दोन्ही पेट्यांत सारखा जातो. लॅपटॉपमधील रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) वापरून वाजवायचे असेल तर बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांचा आकार, लहान ठेवावा. ४८ किलोहर्ट्‌झवर ५१२ सॅम्पलचा बफर एका फेरीतच जवळजवळ ११ मिलिसेकंद घेतो, म्हणजे मॉनिटर आपल्यापासून साडेतीन मीटरहून जास्त लांब ठेवल्यासारखे होते, आणि जलद वाजवणाऱ्या हाताला ते जाणवते. १२८ सॅम्पलवर तेवढ्याच फेरीला पावणेतीन मिलिसेकंदांहूनही कमी वेळ लागतो.

लॅपटॉप नको असेल तर हाय-झी इनपुट असलेला लहान मिक्सर किंवा लाइन आउटपुट देणारा अकूस्टिक प्रीअँप पेडल चालेल. मात्र नुसता डीआय बॉक्स घेऊन तो मॉनिटरला लावू नये, ही चूक मी अनेकांच्या घरी पाहिली आहे. डीआय बॉक्स सिग्नलला मिक्सरच्या माइक इनपुटसाठी तयार करतो, त्यामुळे मॉनिटरवर आवाज वाढण्याऐवजी आणखी बारीक होऊ शकतो.

यानंतर आपल्याला नक्की भेटेल ती शिट्टी, किंवा खरे तर हूँ असा वाढत जाणारा घुमारा. गिटारच्या पोकळीतील हवेचा स्वतःचा स्वर बहुधा १०० हर्ट्‌झच्या आसपास असतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या-चौथ्या फ्रेटला स्वर अचानक फुगतो तो त्यामुळेच. मॉनिटर समोर असले की तोच स्वर पोकळीला पुन्हा हलवतो. गिटारचे तोंड मॉनिटरकडे न ठेवता थोडे तिरके बसावे, साउंडहोलवर रबरी झाकण लावावे, आणि इक्वलायझरवर १०० हर्ट्‌झच्या आसपास थोडे उतरवावे. मॉनिटर फार मोठ्याने वाजवू नयेत. ते एका माणसाने जवळ बसून ऐकण्यासाठी असतात, गच्चीवरच्या कार्यक्रमासाठी नव्हे.

गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा, आणि इंटरफेस व मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यावेत. चार्जर काढताच गुणगुण थांबली तर दोष त्या जोडणीत आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो कृपया ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे. जुन्या घरात अर्थिंगच नसेल, जशी आमच्याकडे नव्हती, तर इलेक्ट्रिशियनकडून ती करून घ्यावी. उन्हाळ्यात नागपूरला कूलर बंद ठेवणे शक्य नसते, पण त्याच्या मोटारीचा खटका मॉनिटरमध्ये ऐकू येत असेल तर कूलर वेगळ्या सॉकेटवर घ्यावा आणि गिटारची केबल त्याच्या वायरीपासून दूर ठेवावी. गिटारही कूलरच्या झोतात ठेवू नये. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि मे महिन्यात झोतातील ओलावा व बाहेरची कोरडी हवा यांच्या रोजच्या फरकाने तिचा वरचा तक्ता फुगतो किंवा तडकतो.

चालू करताना आधी गिटार जोडावी, मग इंटरफेस लावावा आणि सर्वांत शेवटी मॉनिटर. बंद करताना सर्वांत आधी मॉनिटर. मॉनिटर चालू असताना गिटारची पिन काढली की जो धडाका होतो, तो ट्वीटरला (मॉनिटरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) सोसवेलच असे नाही.