पट्टीवरचं शेवाळ आणि पेलाभर पाणी

प्रश्न (मालवण) : वडिलांना मधुमेह आहे. पायाच्या ओल्या जखमेवर लावलेली पांढरी पट्टी शेवाळापासून बनते म्हणे. काढताना ती पिवळट, बुळबुळीत दिसते. जखम पिकली का? आणि आमच्या खडपांवरचं शेवाळ वापरता येईल का?

उत्तर : लगेच घाबरू नका. तपकिरी समुद्री शेवाळात अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो. पट्टीच्या धाग्यांत तो कॅल्शियमने बांधलेला असतो. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, मग धागे फुगतात आणि त्यांची जेल होते. तुम्हाला दिसतो तो बुळबुळीतपणा बहुतेक वेळा हाच असतो. ही जेल जादा स्राव शोषते आणि जखम ओलसर ठेवते. खपली धरू द्यावी असं आपल्याकडे अजून सांगतात, पण ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

जखम सलाइनने धुऊन मगच पाहा. भोवती लाली, सूज किंवा ऊब वाढली, दुर्गंधी राहिली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. कोरड्या, काळ्या पडलेल्या जखमेवर ही पट्टी लावत नाहीत.

खडपांवरचं शेवाळ मात्र जखमेला अजिबात लावू नका. त्यात वाळू असते, जंतू असतात. पट्टीतलं अल्जिनेट शेवाळातून वेगळं काढून, शुद्ध आणि निर्जंतुक केलेलं असतं.

प्रश्न (गुहागर) : रात्री उठावं लागू नये म्हणून आई इसबगोल दोन घोट पाण्याबरोबरच घेते. चालेल?

उत्तर : नाही, हे आजच थांबवा. भुसा पाणी ओढून फुगतो. पाणी कमी पडलं तर तो घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो. पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा, वर आणखी पाणी घ्यावं. रात्रीची अडचण असेल तर सकाळी घेऊ द्या. इसबगोल आणि इतर गोळ्या यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर देऊच नका.

प्रश्न (देवगड) : भाजल्यावर कोरफड लावावी का?

उत्तर : आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. किरकोळ भाजलं असेल आणि कातडी फुटली नसेल, तरच नंतर गर. पानातला पिवळा चीक लागू देऊ नका. मोठा फोड आला किंवा चेहरा, हात भाजला तर दवाखान्यात जा.

प्रश्न (वेंगुर्ला) : मुलगी म्हणते, कॉलेजात जंतू वाढवायला चायना ग्रास वापरतात. खरं का?

उत्तर : खरं आहे. चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळातलं अगर, प्रयोगशाळेत ते शुद्ध करून वापरतात. पूर्वी जिलेटिन वापरत, पण ते ३७ अंशांना वितळे आणि काही जंतू ते खाऊनही टाकत. १८८१ च्या सुमारास जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांना अगर सुचवलं ते त्यांच्या पत्नी फॅनी यांनी, स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. १८८२ च्या क्षयजंतूंवरच्या लेखात कॉख यांनी अगरचा उल्लेख केला, फॅनींचा नाही. हे मला आजही खटकतं. त्यांचं नाव मुलीला जरूर सांगा.