नवा रेडिएटर बसवूनही जुनी गाडी चढावर तापते. कूलिंगचं काम कुठून सुरू करू?

तुमची गाडी १९६०च्या दशकातली. रेडिएटर नवा बसवला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, सपाट रस्त्यावर ठीक चालते, पण लांब चढ लागला की काटा लाल पट्ट्याला टेकतो. आता सगळं कूलिंग एकदाच नीट करायचंय आणि सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय.

ब्लॉकपासून, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य ओतीव भागापासून करा. रेडिएटर समोर दिसतो, म्हणून सगळा दोष त्याच्यावर जातो. पण ओतीव लोखंडाच्या इंजिनात वर्षानुवर्षं साधं पाणी घातलं की गंज आणि क्षार खाली बसत जातात. पंप पुढे, मागच्या टोकाला पाण्याचा वेग कमी, त्यामुळे गाळ धरतो तो शेवटच्या सिलिंडरभोवती. तिथे पाणी पोचतच नसेल तर पुढचा रेडिएटर कितीही चांगला असो, काय उपयोग?

माझ्या गाडीत हेच होतं. रेडिएटरची कोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी, मी आधीच बदलून घेतली होती. मग एकदा ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडला, तर थेंब आला नाही. कॉक अख्खा काढला, तरी भोक कोरडंच. जाड तार आत घालून फिरवत राहिलो, तेव्हा आधी गेरूच्या रंगाचा लगदा आला आणि मग भसकन पाणी. त्या दिवशी कोअर प्लग काढायचं ठरवलं. ब्लॉकच्या बाजूला बशीसारख्या गोल पत्र्याच्या टोप्या दिसतात, त्या ह्या. शेवटच्या प्लगमागे गाळ इतका घट्ट बसला होता की स्क्रू ड्रायव्हरने ठोकून खपल्या काढाव्या लागल्या. प्लग आतून खाल्लेले असतातच, तेव्हा नवे पितळेचे घाला.

आधी हाताने खरवडा, मग वरून, थर्मोस्टॅटच्या जागेतून, उलट दिशेने पाण्याचा जोर सोडा. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबू नका. हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) लोखंडाचं असेल तर सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण फिरवता येतं, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर मी आम्लाच्या वाटेला जाणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, गंजानेच बुजलेली भोकं साफसफाईनंतर गळायला लागतात. गळती दिसली म्हणून काम बिघडलं असं समजू नका, ती आधीपासून होतीच.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. तो काढला की इंजिन थंड राहतं ही समजूत पुष्कळदा उलटी पडते. बऱ्याच जुन्या इंजिनांत बायपासची वाट असते आणि गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच ती बंद करतो. तो नसला की गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट पंपाकडे परततो. बाजारातला नवा थर्मोस्टॅट ती वाट बंद करणारा आहे का, हे जुन्याशेजारी ठेवून बघा. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर लावून त्या अंशाला तो उघडायला लागतो का पाहा.

तुमच्या लक्षणांवरून मला दुसरा संशय येतो तो खालच्या होजचा, म्हणजे रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीचा. ती पंपाची ओढणारी बाजू. रबर मऊ पडलं असेल तर इंजिनाचा वेग वाढला की होज आत चपटते आणि पाणी अडतं, वेग उतरला की पुन्हा गोल. उभ्या गाडीत कुणाला तरी अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा आणि होजकडे बघा. मूळ होजमध्ये आत स्प्रिंग असेल तर नव्यातही हवी.

पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओल येत असेल तर त्याचं सील गेलं. पंप उघडलात तर त्याच्या आतल्या पंख्याची पाती पाहा, गंजून अर्धी उरलेली असू शकतात. बेल्ट मधोमध बोटाने दाबला की साधारण १२ मिलिमीटर आत जावा.

रेडिएटरचं झाकण मूळ गाडीला होतं तेवढ्याच पौंडाच्या दाबाचं घ्या. दर पौंडाला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, म्हणून ७ पौंडांच्या जागी १३चं लावायचा मोह होतो. पण जुने डाखाचे सांधे आणि हीटर तो दाब सोसत नाहीत. गरम इंजिनाचं झाकण तर उघडूच नका.

कूलंट जुन्या गाड्यांसाठीचं, इनऑरगॅनिक प्रकारचं घ्या, निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी. नव्या ऑरगॅनिक कूलंटचं तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या डाखाशी जमेलच असं नाही. भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवा, नाहीतर हवा अडकते. सांडलेलं लगेच पुसा. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे.

एवढं करूनही तापली तर पाण्याचा नाद सोडून इग्निशनचं टायमिंग मागे पडलंय का (ठिणगी उशिरा पडते का), कार्बुरेटरचं मिश्रण पातळ आहे का (पेट्रोल कमी, हवा जास्त) हे तपासा. झाकण काढून थंड इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलंय असं समजा.

शेवटचं एक. ब्लॉक कितीही धुतला तरी सुटा गंज पुढचे काही दिवस येत राहतो आणि तो तुमच्या नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसेल. वरची होज लावण्याआधी रेडिएटरच्या तोंडावर पातळ नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून लावा. माझ्या मोज्यात पहिल्या फेरीनंतर चमचाभर लाल चुरा निघाला, दुसऱ्या वेळी चिमूटभर. तिसऱ्यांदा तो स्वच्छ होता, मग काढून टाकला.