सोळाव्या वर्षी स्कूटर, आणि गुन्हा आईच्या नावावर

प्रश्न : वकीलताई, आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे, नुकतीच सोळा पूर्ण झाली. क्लास सात किलोमीटरवर, सकाळी साडेसहाला. माझ्या नावावर ११० सीसीची स्कूटर आहे. चावी फ्रिजवरच असते, कधीमधी तो घेऊन जातो. शेजारचे म्हणतात, सोळाव्या वर्षी लर्निंग काढलं की चालतं, आणि पकडलंच तर पाचशे-हजारावर भागतं. हे खरं का?
– एक आई

उत्तर : ताई, शेजाऱ्यांच्या पहिल्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या दुचाकीचा, तोही पालकांच्या लेखी संमतीने. लुनाच्या काळात त्याला अर्थ होता. तुमची स्कूटर ११० सीसीची. तिच्यासाठी अठरा पूर्णच हवीत. ज्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना लागत नाही, तिचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मोटर २५० वॅटच्या आत असावी लागते. वेग वाढवून घेतलेली गाडी त्यात बसत नाही.

आता दंडाचं. विनापरवाना चालवण्याला पाच हजार दंड आहे, आणि परवाना नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. पण तुमची खरी काळजी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ आहे, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. इंजिनिअर होऊन नोकरीला लागेल, तरी गाडीला हात लावता यायचा नाही.

संमती होती, असं कोर्ट आधीच गृहीत धरतं. ‘माझ्या नकळत नेली’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चावी फ्रिजवर असते आणि तो नेतो हे तुम्हाला ठाऊक आहे, मग काय सिद्ध करणार?

अपघात भरपाईचे दावे मी बावीस वर्षं लढते आहे, म्हणून दंडापेक्षा मला विम्याची जास्त धास्ती वाटते. एका दाव्यात मी जखमीच्या बाजूने होते. समोर गाडीमालक, ऊस लावणारा शेतकरी. सतरा वर्षांच्या मुलाने त्याची मोटारसायकल नेली होती. विम्याचा कागद त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी घालून आणला होता. हप्ता वेळेवर भरलेला. निकाल लागला : चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता, म्हणून कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि ते मालकाकडून वसूल करावेत. त्याने तो कागद उलगडून मला दाखवला आणि विचारलं, “मग मी हे भरलं कशाला?” मी दावा जिंकले होते, तरी त्याच्यापुढे मला बोलता आलं नाही.

२०११ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असाच एक मालक होता. एका अल्पवयीन मुलाने परवानगीशिवाय गाडी नेली, असं त्याचं म्हणणं. गाडीचा गैरवापर होऊ न देणं मालकाचंच काम, असं कोर्टाने सांगितलं.

तुमचा मुलगा बेजबाबदार आहे असं मी म्हणत नाही. सकाळी साडेसहाच्या अंधुक उजेडात हायवेला ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. ती समोर आहे हे कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. मोठ्यांचं होतं हे, तो तर पोर आहे.

आजच चावी तुमच्या पर्समध्ये जाऊ द्या. कॉलेजच्या ऑफिसातून दाखला घेऊन एसटीचा विद्यार्थी पास काढा, भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे. पहिली गाडी क्लासच्या वेळेला जमत नसेल तर क्लासवाल्या सरांशी बोला. त्याच रस्त्याने येणारी आणखी पोरं असतील, चार पालकांनी मिळून सांगितलं तर बॅच अर्धा तास पुढे सरकते. अठरा पूर्ण झाल्यावर लर्निंग काढा, तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची टेस्ट देता येते. त्या महिनाभरात मागे परवानाधारक मोठं माणूस आणि गाडीला ‘एल’ची पाटी हवी. मागे तुम्हीच बसा.