ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर) आणि डब्ल्यूएस२८१२ (५ व्होल्टची रंगीत एलईडी पट्टी) यांच्यामध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचा व्होल्टेज ३.३ वरून ५ करणारा बोर्ड) लावला, तरी एलईडी भलतेच रंग दाखवतात. काय चुकतंय?

आधी मल्टिमीटरने शिफ्टरच्या एका बाजूला ३.३ आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट येतायत ना, आणि सगळ्यांचं ग्राउंड एकच आहे ना, ते बघा. ते ठीक असेल तर दोष बहुधा जोडणीचा नाही, शिफ्टरच्या जातीचा आहे.

बाजारात मिळणाऱ्या चार चॅनेलच्या स्वस्त शिफ्टर बोर्डावर बीएसएस१३८ मॉसफेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) आणि १० किलोओहमचे पुल-अप (सिग्नल वर ओढणारे रेझिस्टर) असतात. मॉसफेट सिग्नल झटकन खाली ओढतो, पण ५ व्होल्टपर्यंत चढवायचं काम एकट्या रेझिस्टरवर पडतं. वायर आणि इनपुटची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली, तर टाइम कॉन्स्टंट (सिग्नल किती हळू चढतो त्याचं माप) १ मायक्रोसेकंद होतो. डब्ल्यूएस२८१२ चा अख्खा बिटच १.२५ मायक्रोसेकंदांचा, आणि शून्याचा पल्स जेमतेम ०.४ चा! तो वर पोहोचायच्या आतच संपतो. आयटूसीला (सेन्सर वगैरे जोडायची हळू चालणारी पद्धत) १०० किलोहर्ट्झवर हाच बोर्ड छान चालतो, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही.

त्याऐवजी ७४एएचसीटी१२५ (सिग्नल वरही स्वतःच ढकलणारा बफर आयसी) घ्या. त्याला ५ व्होल्ट द्या. २ व्होल्टच्या वरचा इनपुट तो ‘हाय’ मानतो. वापरलेल्या गेटचा (आयसीतल्या चारपैकी ज्या बफरमधून सिग्नल नेता त्याचा) एनेबल पिन ग्राउंडला जोडायला मात्र विसरू नका, बहुतेकांचं तिथेच अडतं. नुसता ७४एचसी जातीचा आयसी चालणार नाही, त्याला ५ व्होल्टवर साधारण ३.५ व्होल्टचा इनपुट लागतो.