डिस्चार्ज बुकात आईचं नाव वेगळं असेल तर आधारला हात लावू नका

ताई, वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) आईचं सासरचं नाव आणि आधारवर माहेरचं, म्हणून फॅमिली पेन्शन अडकली असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि आमचं 2019 साल डोळ्यासमोर आलं. बाबांनी लग्नानंतर युनिटमध्ये आईचं नाव 'शालन' लावलं. शाळेच्या दाखल्यावर, बँकेत, सातबाऱ्यावर ती 'सुमन'च.

मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) वगैरे तुम्ही जमवलं असेलच. आमची चूक एकच झाली, पण चौदा महिने गेले तिच्यात. एका कार्यालयात (नाव घेत नाही) खिडकीतूनच सांगितलं, "आधारवर शालन करून आणा." आम्ही राजपत्रात नाव छापून आधार बदललं. मग बँकेचं खातं जुळेना. परत गेलो तर म्हणे, पेन्शन केंद्राची, इथे कशाला आलात? पेन्शन केंद्राची हे खरं, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य शासनाचं आहे आणि विधवेचा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पाठवणं हे त्यांचंच काम. दर खेपेला आई डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पोटाशी धरून एसटीनं यायची. तिला "पुढच्या आठवड्यात या" म्हणताना कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अजून राग येतो.

सोडवलं ते तालुक्याला दौऱ्यावर आलेल्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्याच कल्याण संघटकांनी. स्वतः माजी सुभेदार. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं आणि अर्ज बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला धाडला. तिथे नोंद 'सुमन' झाली, मग प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडून दुरुस्त पीपीओ आला. आधार पुन्हा पहिल्यासारखं करावं लागलं. त्यावर नाव दोनदाच बदलता येतं, आमच्या दोन्ही खेपा यातच संपल्या.

मी वकील नाही, शिवाय आता संरक्षण पेन्शनसाठी ऑनलाइन स्पर्श पोर्टल आलंय, तेव्हा तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारूनच पाऊल टाका. पण माझं ठाम मत आहे की अर्ज हातानं द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. महिनाभर हालचाल नसेल तर थेट जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष तेच असतात. एक प्रत पुण्याच्या सैनिक कल्याण विभागालाही पाठवा.

आणि हो, आईंचं विधवा ओळखपत्र काढलं नसेल तर याच फेरीत काढा. राज्यात माजी सैनिकाच्या विधवेला एका घराची घरपट्टी माफ आहे, तेही ग्रामपंचायतीत विचारा. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.